पाठ १२ : तिसरी वस्तू कोणाकडे?

वाचण्याआधी

१. तुमचं काही अडलं, तर तुम्ही सगळ्यात आधी कोणाकडे जाता? आई, बाबा, मित्र, शिक्षक की आणखी कोणी?
२. 'सल्ला देणारा' आणि 'ऐकून घेणारा' ही एकच व्यक्ती असू शकते का?
३. तुमच्या ओळखीत किती इंजिनिअर आहेत? त्यांतले किती जण तुमच्याशी इंजिनिअरिंग सोडून इतर गोष्टी बोलतात?

१. इंजिनिअरांचं गाव

सनीव्हेलमध्ये एक जुनी पाण्याची टाकी आहे. ती फळांच्या डब्यासारखी रंगवलेली आहे. ही टाकी लिबी नावाच्या कारखान्याची. या कारखान्यात फळं डब्यांत भरली जायची, कारण तेव्हा इथे आजूबाजूला फळबागा होत्या. बागा गेल्या आणि त्या जागी कंपन्या आल्या. १९६१ मध्ये सिग्नेटिक्स ही चिप बनवणारी कंपनी सुरू झाली आणि तिचं मुख्यालय सनीव्हेललाच होतं. पुढे एएमडी आली, अटारी आली. आज सनीव्हेलमध्ये इंजिनिअर शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या घराची बेल वाजवली तरी पुरतं!

पण यंत्र अडलं तर इंजिनिअर मिळतो, माणूस अडला तर कोण मिळतं? या भागातल्या काही इंजिनिअरांनी पुढच्या आयुष्यात हेच काम केलं. त्यांनी अडलेल्या माणसांना वाट दाखवली. त्यांतल्या एकाची ही ओळख. त्यांचं नाव सुहास पाटील.

२. चार शब्द, चार कामं

पुढे जाण्याआधी चार शब्द नीट समजून घेऊ. मराठीत ते जवळजवळचे वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे.

*उपदेश* म्हणजे न विचारता सांगितलेलं शहाणपण. "लवकर उठावं, रोज अभ्यास करावा!" उपदेश बहुतेक वेळा बरोबरच असतो, पण ऐकणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं.

*सल्ला* विचारल्यावर मिळतो. "काका, कोणता लॅपटॉप घेऊ?" असं विचारलं की काका एका लॅपटॉपचं नाव सांगतात. काम झालं.

*मार्गदर्शन* एका प्रश्नापुरतं नसतं. मार्गदर्शक तुमच्याबरोबर काही दिवस, काही वर्षं चालतो. तो रस्ता आधी चाललेला असतो. खड्डे कुठे आहेत, हे त्याला माहीत असतं.

*समुपदेशन* यात ऐकणं जास्त आणि सांगणं कमी. समुपदेशक समोरच्याला *बोलतं करतो*. 'बोलतं करणं' हा छान मराठी वाक्प्रचार आहे. गप्प बसलेल्या माणसाला मोकळेपणाने बोलायला लावणं, असा त्याचा अर्थ. बोलता बोलता त्या माणसाला स्वतःचाच प्रश्न स्पष्ट दिसायला लागतो.

सुहास पाटील यांचं काम मुख्यतः तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे मार्गदर्शनाचं. पण चांगल्या मार्गदर्शकाला चौथं कामही थोडं यावं लागतं. ते का, हे आपण पुढे पाहू.

३. तीन मित्र आणि भेळ

सुहास पाटील यांचा जन्म १९४४ मध्ये जमशेदपूरला झाला. त्यांनी खरगपूरच्या आयआयटीतून १९६५ मध्ये पदवी घेतली आणि ते अमेरिकेत एमआयटीला शिकायला आले. तिथे डॉक्टरेट मिळवल्यावर ते तिथेच शिकवू लागले.

१९७१ मध्ये त्यांनी कॉम्प्युटरबद्दलचं एक कोडं मांडलं. ते आजही कॉलेजात शिकवलं जातं. मूळ कोड्यात तीन माणसं सिगारेट वळत असतात. एकाकडे तंबाखू, एकाकडे कागद आणि एकाकडे काड्या. आपण सिगारेट बाजूला ठेवू आणि भेळ घेऊ. कोडं तेच राहतं.

तीन मित्र एका टेबलाभोवती बसले आहेत. पहिल्याकडे पोतंभर कुरमुरे आहेत. दुसऱ्याकडे डबाभर शेव आहे. तिसऱ्याकडे बरणीभर चटणी आहे. भेळेला तिन्ही वस्तू लागतात, आणि प्रत्येकाकडे एकच आहे. चौथा माणूस येतो आणि कोणत्याही दोन वस्तू थोड्या थोड्या टेबलावर ठेवतो. समजा, त्याने कुरमुरे आणि शेव ठेवली. आता भेळ कोणाची होणार? चटणीवाल्याची. त्याने दोन्ही वस्तू घ्यायच्या, भेळ करून खायची आणि "झालं!" म्हणून सांगायचं. मग चौथा माणूस पुन्हा कोणत्याही दोन वस्तू ठेवणार.

सोपं वाटतं ना? पण समजा, तिघेही घाई करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. टेबलावर कुरमुरे दिसताच शेववाला ते उचलतो, कारण त्याला कुरमुरे हवेच आहेत. तेवढ्यात कुरमुरेवाला शेव उचलतो, कारण त्याला शेव हवीच आहे. आता दोघेही चटणीची वाट पाहत बसतात. चटणीवाल्यासाठी टेबलावर काहीच उरलेलं नाही. चौथा माणूस "झालं!" ऐकायची वाट पाहतो. सगळ्यांच्या हातात काहीतरी आहे, पण कोणीच भेळ खात नाही. सगळं ठप्प!

कॉम्प्युटरमध्ये अनेक कामं एकाच वेळी चालू असतात, तेव्हा अगदी असंच होऊ शकतं. ते टाळण्यासाठी डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 'सेमाफोर' नावाची युक्ती काढली होती. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा सिग्नल. 'थांब' आणि 'जा' एवढंच तो सांगतो. पाटील यांचं म्हणणं होतं की नुसत्या अशा सिग्नलने हे कोडं सुटत नाही. १९७५ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी त्यांना उत्तर दिलं : पाटील यांनी घातलेल्या अटी फार कडक आहेत, त्या सैल केल्या तर कोडं सुटतं. शास्त्रात असंच चालतं. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा त्या प्रश्नालाच प्रश्न विचारतो, आणि दोघांमुळे सगळ्यांना जास्त कळतं.

हे कोडं लक्षात ठेवा. पुढे ते आपल्याला पुन्हा लागणार आहे.

४. सनीव्हेलच्या कंपनीतून आलेला माणूस

एमआयटीनंतर पाटील यूटा विद्यापीठात शिकवायला गेले. दोन्हीकडची मिळून सुमारे दहा वर्षं ते शिक्षक होते. या काळात त्यांनी चिपची रचना करण्याची एक वेगळी पद्धत शोधली. तेव्हा चिपचे आराखडे काढणं फार किचकट काम होतं. ते प्रोग्रॅम लिहिण्याइतकं सोपं व्हावं, असा त्यांचा प्रयत्न होता.

१९८१ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटीत स्वतःची छोटी कंपनी काढली. कल्पना उत्तम होती, पण कंपनीला नुसती कल्पना पुरत नाही. भांडवल लागतं, ग्राहक लागतात, माल विकता यावा लागतो. १९८४ मध्ये कंपनी सिलिकॉन व्हॅलीत आली आणि तिचं नाव 'सिरस लॉजिक' झालं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कंपनी पाटील यांची, कल्पना पाटील यांची. मग ती रोज चालवायची कोणी? १९८५ मध्ये त्यांनी हे काम मायकेल हॅकवर्थ यांच्याकडे दिलं. हॅकवर्थ आधी सिग्नेटिक्समध्ये होते, म्हणजे सनीव्हेलच्या त्याच कंपनीत, जिचं नाव आपण सुरुवातीला वाचलं. चिपचा धंदा कसा चालतो, हे त्यांना आतून माहीत होतं. पाटील यांच्याकडे तंत्र होतं आणि हॅकवर्थ यांच्याकडे धंद्याचा अनुभव.

भेळ आठवली का? आपल्याकडे काय आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडे काय *नाही*, हे मान्य करणं अवघड असतं. "माझी कंपनी मीच चालवणार" असं म्हणणं सोपं होतं. पण मग हातात कुरमुरे घेऊन चटणीची वाट पाहत बसावं लागलं असतं.

सिरस लॉजिक स्वतः चिपची रचना करायची, पण चिप बनवायचं काम दुसऱ्यांच्या कारखान्यांत व्हायचं. आज अनेक मोठ्या कंपन्या असंच करतात. तेव्हा ही पद्धत नवी होती. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला लागणाऱ्या चिप विकून कंपनी वाढली आणि १९८९ मध्ये शेअर बाजारात आली.

५. उशिरा आलेलं विमान

त्या काळी सिलिकॉन व्हॅलीत भारतीय इंजिनिअर पुष्कळ होते, पण त्यांच्याबद्दल एक समज पक्का होता : "ही माणसं हुशार आहेत, काम चोख करतात, पण कंपनी चालवणं त्यांना जमणार नाही." म्हणून बढती एका पायरीपर्यंत मिळायची आणि तिथेच थांबायची. स्वतःची कंपनी काढायची म्हटलं तर पैसे कोण देणार? कोणत्या वकिलाकडे जायचं? पहिला ग्राहक कसा मिळवायचा? हे सांगणारं ओळखीचं कोणीच नव्हतं. इथे वाढलेल्या लोकांना वडिलांच्या मित्राकडे जाता यायचं. भारतातून आलेल्या इंजिनिअरच्या वडिलांचे मित्र सात समुद्रांपलीकडे होते.

१९९२ मध्ये काही यशस्वी भारतीय उद्योजक एका भेटीसाठी जमले होते. भारत सरकारचे एक मोठे अधिकारी येणार होते, पण त्यांचं विमान लांबलं. पाहुणे येईपर्यंत मंडळी गप्पा मारत बसली. गप्पांत प्रत्येकाच्या लक्षात आलं की सगळ्यांना सारख्याच ठेचा लागल्या आहेत. मग त्या ठेचा नव्या लोकांना का लागू द्यायच्या? यातूनच 'टाय' ही संस्था उभी राहिली. सुहास पाटील तिच्या संस्थापकांपैकी एक. कंवल रेखी आणि प्रभू गोयल हेही त्यांच्याबरोबर होते.

टायच्या पूर्ण नावात 'इंडस' हा शब्द आहे, म्हणजे सिंधू नदी. 'इंडियन' असं नाव मुद्दाम ठेवलं नाही, कारण पाकिस्तान, बांगलादेश अशा शेजारी देशांतून आलेल्यांनाही दार उघडं ठेवायचं होतं.

इथे काम कसं चालायचं? ज्यांनी कंपन्या उभ्या केल्या, ते अनुभवी लोक नव्या लोकांना वेळ द्यायचे. कल्पना ऐकायची, प्रश्न विचारायचे, चुका दाखवायच्या, योग्य माणसाशी गाठ घालून द्यायची. पटलं तर काही जण स्वतःचे पैसेही घालायचे. पण सगळ्यात मोलाची देणगी पैशांची नव्हती. "मी यातून गेलोय, बस, बोलू या" असं म्हणणारं कोणीतरी आता होतं.

ॲनाली सॅक्सेनियन या संशोधक बाईंनी १९९९ मध्ये या विषयावर एक अहवाल लिहिला. १९८० ते १९९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत सुरू झालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश कंपन्या चिनी आणि भारतीय वंशाचे लोक चालवत होते, असं त्यांना आढळलं. "यांना जमणार नाही" हा समज खोटा ठरला होता. त्यात त्या लोकांची मेहनत होतीच. पण एकमेकांना दिलेल्या हाताचाही मोठा वाटा होता, असं सॅक्सेनियन यांनी दाखवलं.

६. मार्गदर्शक काय करत नाही?

इथे पुन्हा भेळेच्या टेबलाकडे जाऊ. चौथा माणूस कोणाची भेळ करून देत नाही. तो फक्त हवी ती वस्तू टेबलावर ठेवतो. भेळ ज्याची त्यानेच करायची. चांगला मार्गदर्शक असाच असतो.

म्हणूनच त्याला आधी ऐकावं लागतं. समोरच्याकडे कोणती वस्तू आधीच आहे, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? चटणीवाल्याला आणखी चटणी दिली तर काय उपयोग? घाईघाईने सल्ला देणारे लोक नेमकं हेच करतात. ज्याला धीर हवा असतो त्याला ते माहिती देतात, आणि ज्याला माहिती हवी असते त्याला नुसता धीर देतात.

मार्गदर्शनाला मर्यादाही असते. कंवल रेखी यांनी सुरुवातीला मदत केलेली एक्सोडस नावाची कंपनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि फार मोठी झाली. २००१ मध्ये तिचं दिवाळं निघालं. चांगला मार्गदर्शक मिळाला म्हणजे यश नक्की, असं नसतं. रस्ता दाखवता येतो, पाऊस थांबवता येत नाही.

आणि आणखी एक मर्यादा. इंजिनिअर काका कितीही प्रेमळ असले तरी ते प्रशिक्षित समुपदेशक नसतात. मन खूप जड झालं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर त्यासाठी शिकलेल्या माणसाकडेच जायला हवं. शाळेत समुपदेशक असतात. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो. "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, पण तुझ्याबरोबर मी येतो" असं म्हणू शकणारा मार्गदर्शक खरा.

७. संवाद वाचा

(हा संवाद काल्पनिक आहे. दोघांनी मोठ्याने वाचा. काका म्हणजे बाबांचे मित्र.)

मुलगी : काका, बाबा म्हणाले तुमच्याशी बोल. मला कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स नकोय.
काका : बरं. मग काय हवंय?
मुलगी : तेच तर कळत नाहीये ना!
काका : हरकत नाही. नकोय हे कधी कळलं?
मुलगी : या वर्षी. वर्गात सगळे माझ्या पुढे आहेत. मी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसते, तरी माझा प्रोग्रॅम चालत नाही.
काका : झोप लागते का नीट? जेवतेस ना?
मुलगी : हो, ते ठीक आहे. फक्त कंटाळा आलाय.
काका : मग मला एक सांग. तुला विषय आवडत नाही, की मागे पडणं आवडत नाही?
मुलगी : (थोडा वेळ गप्प) असं कोणी विचारलंच नव्हतं.
काका : घाई नाही. उत्तर आजच द्यायला पाहिजे असं काही नाही.
मुलगी : तुम्हीच सांगा ना, मी काय करू?
काका : मी सांगितलं तर ते माझं कॉलेज होईल. जायचंय तुला. पण एक करू शकतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीने कॉम्प्युटर सोडून जीवशास्त्र घेतलं. एक मुलगा असाच मागे पडला होता, पण टिकून राहिला. दोघांशी तुझी गाठ घालून देतो. बोलशील?
मुलगी : बोलेन की! पण आईबाबांना काय सांगू?
काका : आत्ता मला जे सांगितलंस, तेच. हवं तर मी शेजारी बसतो. बोलायचं मात्र तू.

शब्दार्थ

अडणे – पुढे जाता न येणे
आराखडा – काम कसं करायचं याचं रेखाटन
किचकट – गुंतागुंतीचं, कंटाळवाणं
ठप्प होणे – पूर्णपणे बंद पडणे
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
बढती – कामात वरची जागा मिळणे
ठेच लागणे – चालताना पायाला दगड लागणे. (इथे) अडचणीतून धडा मिळणे
गाठ घालून देणे – दोन माणसांची भेट करून देणे
दिवाळं निघणे – कर्ज फेडता न येऊन धंदा बुडणे
आवाक्याबाहेर – आपल्याला जमेल त्यापेक्षा जास्त

भाषेचा अभ्यास

मराठीत एका क्रियापदातून दुसरं क्रियापद तयार होतं. 'शिकणे' हे काम विद्यार्थी करतो, 'शिकवणे' हे काम शिक्षक करतो. तसंच : करणे – करवणे, बसणे – बसवणे, समजणे – समजावणे, चालणे – चालवणे.

'बोलणे' या क्रियापदाची गंमत आहे. आपण 'बोलवणे' म्हणतो, तेव्हा अर्थ होतो हाक मारणे किंवा आमंत्रण देणे. दुसऱ्याला बोलायला लावायचं असेल तर म्हणतो 'बोलतं करणे'. हे रूप बदलत नाही, बरं का! *मी त्याला बोलतं केलं. तिने मुलांना बोलतं केलं. आजींनी सगळ्या घराला बोलतं केलं.* हा वाक्प्रचार वापरून तुमच्या घरातल्या कोणाबद्दल तरी दोन वाक्यं लिहा.

म्हणी

*पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.* पुढे चालणाऱ्याला ठेच लागते, ती पाहून मागचा सावध होतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलं तरच!

*ऐकावे जनाचे, करावे मनाचे.* सगळ्यांचं ऐकून घ्यावं, निर्णय मात्र स्वतः घ्यावा.

प्रश्न

१. चटणीवाल्याला भेळ का करता आली नाही? तुमच्या शब्दांत सांगा.
२. हॅकवर्थ यांच्याकडे कंपनी चालवायला देण्याचा निर्णय अवघड का असेल?
३. टायच्या नावात 'इंडस' हा शब्द का ठेवला?
४. संवादात काकांनी दिलेली 'तिसरी वस्तू' कोणती?
५. वरच्या दोन म्हणींपैकी कोणती मार्गदर्शकासाठी आहे आणि कोणती त्याच्याकडे जाणाऱ्यासाठी? का?

करून पाहा

तुमच्या ओळखीच्या एका मोठ्या व्यक्तीची दहा मिनिटं मुलाखत घ्या. फक्त तीन प्रश्न विचारा : "या देशात आल्यावर तुमचं सगळ्यात आधी काय अडलं? तेव्हा कोण मदतीला आलं? त्यांनी नेमकं काय केलं?" मध्ये बोलू नका. ते थांबले तर मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा माणूस पाच होण्याआधी पुन्हा बोलायला लागतो. मग ऐकलेलं मराठीत आठ-दहा वाक्यांत लिहून आणा. ज्या व्यक्तीने मदत केली, तिचं नाव लिहायची गरज नाही. तिने काय केलं ते लिहा.